पीटीचे सर तयार झाले, हे कुणी ठरवायचं?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाला पीटीच्या सरांवर बोलायला का बोलावलं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. आम्हालाही वाटलं होतं. पण प्रश्न आमच्याच घरचा निघाला. अमक्याला अमुक गोष्ट 'येते', असं आपण कशावरून म्हणतो?

आधी परीक्षा कशी होते ते पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनंतर बी.पी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात सराव पाठ असतात आणि शेवटी परीक्षकासमोर पाठ द्यावा लागतो. पुढे नोकरीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं. १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. सगळं बसून! शिट्टी नाही, मैदान नाही.

तरी या चाचणीला आम्ही फार नावं ठेवणार नाही. २०१७मध्ये ती सुरू होण्याआधी शिक्षक कसे 'लागायचे', हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. कोण कुणाचा भाचा, हे संगणकाला कळत नाही, एवढे उपकार पुष्कळ झाले. पण चाचणीने उमेदवारांची रांग लागते. त्यातला कोण उद्या सकाळी पन्नास पोरांसमोर उभा राहू शकेल, ते त्या रांगेवरून दिसत नाही.

मग सारी भिस्त त्या पाठावर. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावी अशा परीक्षेला आम्ही पाहुणे म्हणून बसलो होतो. पहिला छात्राध्यापक आला. पाठ टाचण मोत्यासारख्या अक्षरात. हजेरी, उत्तेजक हालचाली, मग खो-खो, शेवटी शिथिलीकरण, विसर्जन. घड्याळ लावून घ्यावं असा पाठ. परीक्षक खूष. विसर्जनानंतर एक मुलगा हातपाय झटकत आमच्या खुर्चीजवळून चालला होता. आम्ही सहज विचारलं, "काय रे, मजा आली का?" तो म्हणाला, "मले कोनी खो देल्लाच नाही." पूर्ण तास तो चौकोनात बसून होता.

नंतर एक छात्राध्यापिका आली. तोवर ऊन चढलं होतं. तीन-चार मुली पोट दुखतंय म्हणून कडेला बसलेल्या, एकीच्या पायात काहीच नाही. हिने दोन मिनिटं पाहिलं आणि सगळा वर्ग कडुनिंबाच्या सावलीत नेला. टाचणातला खेळ सोडून भलताच खेळ घेतला, कडेच्या मुलींनाही त्यात ओढलं. शिथिलीकरण राहून गेलं. शेरा पडला, 'टाचणाप्रमाणे पाठ नाही', आणि गुण कापले गेले. आम्ही तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. चहा घेऊन परत आलो.

गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात एक फरक दाखवलाय. घोटून घेतलं की सवय लागते. पण कौशल्य म्हणजे प्रसंग बदलला की आपलं करणंही बदलता येणं. त्याने उदाहरण सैनिकाचंच दिलंय. बंदूक खांद्यावर घेणं कवायतीने जमतं, नेम धरणं तसं जमत नाही. आता बघा, पीटीच्या सरांची परीक्षा आपण 'सावधान-विश्राम'च्या बाजूने घेतो आणि उद्या काम मात्र नेम धरण्याचं देतो.

काही जण म्हणतात, निकाल पाहा ना, पदकं मोजा. आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने २०२३मध्ये शांघायच्या विश्वचषकात तिरंदाजीचं सुवर्णपदक मिळवलं. आनंदच आहे, आम्ही पेढे वाटले. पण तो माप वेगळ्या कामाचा. प्रशिक्षकाकडे निवडलेली पोरं येतात, हौसेने येतात. पीटीच्या सरांकडे सगळीच येतात. लठ्ठ, लाजरी, दम लागणारी, उपाशी आलेली. राज्य पातळीवर चार मुलं नेणारा शिक्षक बाकीच्या साठांना झाडाखाली बसवून ठेवत असेल, तर तो तयार आहे का? आमच्या मते नाही.

यावर आक्षेप येतो की नजर कशी मोजणार, परीक्षकाची मर्जी आत शिरेल. आक्षेप खरा आहे. मर्जीची किंमत आपण मोजलेली आहे. पण 'नजर' हा शब्द धूसर असला तरी तिच्या खुणा धूसर नाहीत. पढवून ठेवलेला वर्ग नको, अनोळखी शाळेतली मुलं द्या. मध्येच निम्मे चेंडू काढून घ्या. आणि पाठ संपल्यावर छात्राध्यापकाला मैदानाकडे पाठ करून उभं करा, कागद द्या. आज कोण खेळलं नाही, कोण दमलं, कुणाच्या पायात चप्पल नव्हती, लिही म्हणावं. नावं माहीत नसतील तर वर्णन लिही. एक परीक्षक तेवढा वेळ फक्त मुलांकडे पाहत टिपणं ठेवेल. दोन्ही कागद शेजारी ठेवले की काम झालं. यात मर्जीला जागा फार थोडी. खो मिळाला की नाही, ही मोजता येणारी गोष्ट आहे.

हां, मागे कुणीतरी हात वर केलाय. विचारा.