मातकट मोरपंखी

फिल्मच्या रंगांत जीव असतो, असं जाणकार म्हणतात. असेल, पण तो जीव थर्मामीटरच्या मुठीत असतो, हे मी आमच्या न्हाणीघरात शिकलो.

माझा दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरून वरून डोकवायचं. डावं-उजवं उलट दिसतं. 120 च्या रोलवर चौरस फोटो फक्त बारा. त्यात रंगीत रोल घरीच धुवायचा माझा हट्ट! 1972 साली आलेल्या सी-41 पद्धतीत डेव्हलपर 37.8 अंशांवर हवा, वेळ सव्वातीन मिनिटं. बादलीत थर्मामीटर बुडवून बसलो, तशी सौ. म्हणाली, "अहो, मुलांच्या अंघोळीचं पाणी कधी कोपराने तरी पाहिलंत?" उत्तर शोधेपर्यंत पाणी निवलं.

प्रिंट पाहून आई म्हणाली, "ही मातकट साडी कोणाची रे? माझी तर मोरपंखी होती." समीक्षा बिनतोड. रंगांत मी नापास.

पण मोबाइलवर आईचे शेकडो फोटो असूनही तिच्या भुवईवरचा व्रण मला ठाऊक नव्हता. बारांतला एक खर्चायचा, म्हणून तिला पाच मिनिटं निरखली, तेव्हा दिसला. विचारलं, तर म्हणाली, "तुझ्याच भोवऱ्याची आर लागली होती."