सुरतेची नीरा आणि चवीची समीक्षा

नीरेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा तिच्या उपयोगाविषयी असते, चवीविषयी नसते. ती पथ्यकर आहे, ग्रामोद्योगास पोषक आहे, मद्यास पर्याय आहे, अशी प्रशस्ती तिच्या वाट्याला उदंड आली. परंतु ती जिभेला कशी लागते, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली नाही. ही उपेक्षा आम्हांला अन्यायाची वाटते.

सुरतेच्या परिसरात हिवाळ्यात शिंदीच्या शेंड्याजवळची पाने एका बाजूने उतरवून कोवळ्या खोडावर खाच घेतात आणि सायंकाळी खाली मडके बांधतात. रात्रभर ठिबकलेला रस सूर्योदयापूर्वी उतरवला जातो. मडक्यास आतून चुना फासलेला असतो. त्याने आणि थंडीने आंबण्याची क्रिया रोखून धरली जाते. सुरतकर या रसास नीरो म्हणतात. शेकडा दहा-बारा भाग साखर असलेला हाच रस ऊन चढू लागताच फसफसतो, आणि मग तो ताडी होतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा गुजरातेत आजही, २०११ पासून नाव पालटून, चालू आहे; त्याच्या दृष्टीने पहाटेचे पेय दुपारी अपराध ठरते. (नीरेलाही परवाना लागतोच, हे सांगावयास हवे!)

एवढ्या फिक्या, अल्पायुषी रसाची समीक्षा ती काय करावयाची, असे कोणी म्हणेल. त्याने जपानातील कोशू द्राक्षाची कथा ध्यानी घ्यावी. यामानाशी प्रांतातील या फिक्कट गुलाबी सालीच्या द्राक्षाचा पांढरा आसव अंगाने सडपातळ, गंधाने संकोची, किंचित लिंबाळ आणि शेवटी पुसट तुरट. १८७७ मध्ये तेथून दोन तरुण आसवविद्या शिकण्यास फ्रान्सला गेले; तरीही पुढे दीर्घकाळ हा सडपातळपणा साखरेखाली झाकण्याचीच रीत होती. १९८० नंतर काही उत्पादकांनी तो आसव किण्वाच्या गाळावर मुरवून कोरडाच ठेवण्याचा मार्ग धरला, आणि पूर्वी जे वैगुण्य वाटे तेच त्याचे व्यक्तित्व ठरले. २०१० मध्ये द्राक्षासवांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने कोशूची जात म्हणून नोंद केली. गंमत अशी, की हे ‘देशी’ द्राक्ष मुळात पश्चिमेकडून आलेल्या जातीचा आणि पूर्व आशियातील रानवेलीचा संकर आहे. आमच्या गोव्यातला काजूही ब्राझीलहून आला, आणि त्याच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिंदी मात्र अस्सल येथलीच. तिलाच विचारणारा कोणी नाही.

एके काळी सुरतेत अशी पारख होत असे. १६८९ साली सफरीस निघून येथे आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने वखारीच्या मेजावरील शिराझी मद्याचे आणि अर्कापासून केलेल्या पंचाचे वर्णन केले आहे. बंगालचा अर्क गोव्याच्या अर्काहून कडक असतो, असा भेदही त्याने नोंदवला. कोकणीत जिला सूर म्हणतात तिच्यापासूनच गोव्याचा तो अर्क काढीत. म्हणजे माडाचा रस भट्टीतून निघाल्यावर समीक्षेस पात्र ठरला. झाडावरून उतरलेला शिंदीचा रस तसाच राहिला.

आमच्या मते उत्तम नीरेत गोडी प्रथम येते, पण रेंगाळत नाही. मागून कोवळ्या पात्याचा हिरवा गंध येतो आणि घसा स्वच्छ राहतो. चुना अधिक झाला की जीभ खरखरीत होते व हा गंध मरतो. फार गारठवलेली नीरा तर केवळ साखरपाणी; नीराकेंद्रावर बर्फ घालून ती देणे म्हणजे तिच्या तोंडावर पदर ओढणेच होय. आंबण्याच्या उंबरठ्यावरील पुसटशी चुणचूण दोष मानावी की गुण, यावर रसिकांत मतभेद होऊ शकतील. आम्ही ती गुणच मानू. पेला हाती घेणाऱ्याने निदान इतके तरी विचारावे, की रस कोणत्या गावच्या झाडाचा, किती वाजता उतरवला आणि मडक्यास चुना किती होता.