वरची भाषा, खालची भाषा

पान उघडायचं, इंग्रजी मजकूर तळहाताने झाकायचा आणि उरलेली स्पॅनिश मोठ्याने वाचायची. जिभेला लय सापडली, मांडीवरच्या मुलाने पुढचं पान उलटायला हात घातला, तर ते पुस्तक खरोखर दोन भाषांचं. अमेरिकेत लहान मुलांसाठी निघणारी इंग्रजी-स्पॅनिश चित्रपुस्तकं मी अशीच पारखते. त्यातली बरीच इथे गळतात. स्पॅनिश असते, पण सावलीसारखी, इंग्रजीच्या खाली, बारीक किंवा तिरप्या अक्षरांत.

दोन्ही भाषांची लिपी एकच, त्यामुळे त्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून मांडणीकाराला काहीतरी करावंच लागतं. इंग्रजी-मराठी पुस्तकात हे काम देवनागरी आपोआप करते. इथे रंग, टंक आणि पानावरची जागा एवढीच साधनं, आणि पानावर जागा म्हणजे मान. तीन वर्षांच्या मुलाला वाचता येत नसलं तरी कोणती अक्षरं वर आणि ठळक आहेत ते दिसतं. त्यात स्पॅनिश वाक्य इंग्रजीपेक्षा सहसा लांबतं. चौकट इंग्रजीच्या मापाने आखली की स्पॅनिशला अंग चोरून बसावं लागतं.

या पुस्तकांची मुळं कथाकथनात आहेत. प्वेर्तो रिकोहून आलेल्या पुरा बेल्प्रे १९२१ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत रुजू झाल्या. आपल्या बेटावरच्या गोष्टी तिथल्या कपाटांत सापडेनात, तेव्हा मुलांना त्या तोंडीच सांगू लागल्या. त्यातलीच झुरळीण मार्तिना आणि उंदीर पेरेस यांची गोष्ट १९३२ मध्ये छापली गेली. लॅटिनो बालसाहित्याचा मोठा पुरस्कार १९९६ पासून त्यांच्याच नावाने दिला जातो.

पण दोन भाषा एका पानावर शेजारी बसवण्याचं काम नेटाने केलं ते हॅरिएट रोमर यांनी १९७५ मध्ये सान फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या ‘चिल्ड्रन्स बुक प्रेस’ने. या संस्थेने काढलेलं कार्मेन लोमास गार्सा यांचं ‘फॅमिली पिक्चर्स / क्वाद्रोस दे फामिलिया’ (१९९०) अजूनही मला या प्रकारातलं सर्वांत समाधान देणारं पुस्तक वाटतं. गार्सा मुळात चित्रकार. दक्षिण टेक्सासमधल्या किंग्सव्हिल गावातलं आपलं बालपण त्यांनी रंगवलं: स्वयंपाकघरात सगळं घर मिळून तामालेस करतंय, ओसरीवर कलिंगड खाल्लं जातंय, दोघी बहिणी छपरावर बसून आकाश बघतायत. चित्र आधी, शब्द नंतर. त्यामुळे दोन्ही भाषा चित्राकडे सारख्याच अंतरावरून येतात. अनुवादक रोसाल्मा सुबिसारेता यांची स्पॅनिश स्वतःच्या पायांवर उभी राहते. अशा पुस्तकात अनुवादकाचं नाव दिसेल असं छापणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आजच्या कित्येक पुस्तकांत ते शोधावं लागतं.

याच प्रकाशनासाठी १९९३ मध्ये ग्लोरिया आन्साल्दुआ यांनी मुलांचं पुस्तक लिहिलं. प्रौढांसाठी लिहिताना स्पॅनिश वाक्यांचं भाषांतर पुरवायचं नाकारणाऱ्या या लेखिकेने मुलांना मात्र दोन्ही भाषा पूर्ण दिल्या. आणि फ्रान्सिस्को अलार्कोन यांनी १९९७ ते २००१ या काळात चार ऋतूंचे चार कवितासंग्रह दिले, माया क्रिस्तिना गोन्सालेस यांच्या झगझगीत चित्रांसह. त्याच काळात, १९९८ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २२७ मंजूर करून सरकारी शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद पाडलं. ते बंधन २०१६ मध्ये उठलं. मधली अठरा वर्षं अनेक मुलांना स्पॅनिश अक्षरं भेटली ती घरात आणि ग्रंथालयात. चित्रपुस्तक त्या काळात शाळेचं काम करत होतं.

इंग्रजी कथेत स्पॅनिश शब्द पेरणारी दुसरी एक वाट आहे. तिचा दोष ठरलेला: ‘आबुएला’ म्हटलं की लगेच पुढे इंग्रजीत ‘आजी’. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला सगळं दोनदा ऐकावं लागतं, म्हणजे लेखकाच्या डोळ्यांसमोर तो वाचक नाहीच. सामांथा वामोस यांच्या २०११ सालच्या खीर शिजवण्याच्या गोष्टीने यावर सुंदर तोड काढली. साखळीगोष्ट असल्याने प्रत्येक वस्तू आधी इंग्रजी नावाने येते आणि पुढच्या फेरीपासून स्पॅनिश नावाने. शेवटापर्यंत भांडं ‘कासुएला’ आणि लोणी ‘मान्तेकिया’ झालेलं असतं, आणि अर्थ कोणी सांगितला हे मुलाला आठवतही नाही. शब्द शिकवण्याचं काम इथे गोष्टीची घडणच करते.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘लिल लिब्रोस’ची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं तान्ह्यांच्या हाती चित्रकार फ्रीदा आणि क्रांतिकारक सापाता देतात, हे मला मनापासून आवडतं. पण एका चित्राखाली दोन शब्द ही नुसती पाटी झाली. तिथे क्रियापद कुठे आहे?

युयी मोरालेस यांचं ‘ड्रीमर्स’ २०१८ मध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश अशा स्वतंत्र आवृत्त्यांत आलं. स्पॅनिशला पूर्ण पान मिळालं, दबून बसणं संपलं. पण आई स्पॅनिश वाचते आणि मूल इंग्रजी, अशा घराला आता दोन पुस्तकं लागतात.

आणि स्पॅनिश तरी कोणती? मायामीपासून लॉस एंजेलिसपर्यंत खपायचं म्हणून प्रकाशकांना कुठल्याच गावची नसलेली स्पॅनिश सोयीची पडते. अलार्कोन यांनी एका संग्रहाच्या शीर्षकातच ‘तोमाते’ न लिहिता मेक्सिकोतला, नाहुआत्ल भाषेतून आलेला ‘हितोमाते’ लिहिला. पतंगाला मेक्सिकोत ‘पापालोते’ म्हणतात, तोही नाहुआत्लमधल्या फुलपाखरावरून आलेला. प्वेर्तो रिकोत ‘चिरिंगा’, ग्वातेमालात ‘बारिलेते’, चिलेत ‘बोलान्तिन’, एल साल्वादोरमध्ये ‘पिस्कुचा’. पुस्तकात बहुधा ‘कोमेता’ छापलेलं असतं. लॉस एंजेलिसमधले साल्वादोरी आजोबा त्या शब्दापाशी अडतील, क्षणभर थांबतील, आणि नातीला वाचून दाखवताना छापलेला शब्द सोडून ‘पिस्कुचा’ म्हणतील.