बाभळीभोवतीचा काठ

इंदूरच्या राजेंद्र नगरहून सिरपूरचं तळं फार दूर नाही. होळकरांच्या काळात बांधलेलं हे तळं २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे यांनी ते जपायला कित्येक वर्षं दिली. अशा पाणथळ जागेचा काठ घाणेरी आणि बेशरमीच्या झुडपांच्या विळख्यातून सोडवणं ही कला आहे, आणि ती जाणकार हातात बघावी.

जाणकार आधी वाकून जाळीच्या आत बघतो. घाणेरीच्या पोटात करंजाचं, जांभळाचं एखादं कोवळं रोप सापडतं. त्याला रंगीत चिंधी बांधून झाल्यावरच हात चालतो.

घाणेरी वरवर छाटली की दुप्पट जोमाने फुटते, कारण खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथूनच तिचे धुमारे येतात. म्हणून घाव जमिनीखाली, त्या सांध्याच्याही खाली, मुख्य मुळावर बसतो. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी ही रीत बसवली. निघालेलं झुडूप मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवतात, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही. भोवतालची जमीन जेमतेम हलते. एका घावात केवढा हिशेब!

बेशरमीपाशी मात्र हात मंदावतो. तिची पोकळ कांडी चिखलाला टेकली की पेरापेराला मुळं फुटतात. पाण्यात पडलेला तुकडा तरंगत जाऊन दुसऱ्या काठाला रुजतो. तेव्हा कांडी न् कांडी वेचायची आणि पाण्यापासून लांब, कोरड्यात वाळत टाकायची. काम संपल्यावर चिखलात एकही तुकडा दिसू नये, ही खरी नजाकत.

मला सर्वांत भावतो तो संयम. जाळीत घरटी असतात, तिच्या मुळांनी काठ धरलेला असतो. म्हणून पट्ट्यापट्ट्याने साफ करायचं आणि मोकळ्या मातीत लगेच गवत धरू द्यायचं.

मग जाळीत दडलेली काठावरची बाभूळ उघडी पडते. काळं, भेगाळलेलं खोड उजेडाच्या ओढीने पाण्यावर झुकलेलं, खालच्या फांद्या सावलीत वाळलेल्या. अडाणी हात त्या फांद्या लगेच तोडेल. जाणता त्या खंड्यासाठी, बगळ्यासाठी ठेवतो.

पण त्याच फांद्यांवर बसून पाखरं घाणेरीचं बी खाली टाकतात. म्हणून कामाची पारख करायची असेल तर पुढचे दोन पावसाळे जाऊ द्या, आणि बाभळीखाली वाकून बघा.