कुकडीचे जाते

निघोजच्या कुंडावर पहिल्यांदा आलेला माणूस आधी खोली विचारतो. अलीकडे पारनेर तालुक्यातले निघोज, पलीकडे पुणे जिल्ह्यातले टाकळी हाजी, दोन्ही काठांवर मळगंगेचे देऊळ आणि मधल्या काळ्या बसाल्टात कुकडीने कोरलेले रांजणखळगे. ‘आशियातले सर्वांत मोठे’ हे कौतुकही कानावर पडतेच. मला मात्र त्यांच्या आकारापेक्षा नदीचे अक्षर वाचावेसे वाटते.

वाचू लागले की पहिली समजूत मोडते. मऊ पाण्याने कठीण कातळ झिजवला, असे आपण चिकाटीचे गुण गाताना सांगतो. नुसत्या पाण्याला हे जमले नसते. पाणी ओसरलेल्या खळग्याच्या तळाशी गोल, गुळगुळीत गोटे दिसतात. दळण त्यांचे, पाण्याने फक्त खुंटा धरून जाते फिरवले. दळता दळता गोटेही झिजून संपतात आणि पुढचा पूर नवी वैरण घालतो.

पण पाणी मुळात का गरगरते? सरळ वाटेने जाणारा प्रवाह एकसुरी असतो. वाट वळली की सूर बिघडतो. बाहेरच्या भिंतीला चिकटलेले पाणी मंद, त्याच्या आतल्या अंगाचे वेगवान. वेगवानाला बाहेर जायचे असते आणि मंदाला आत ढकलले जाते. ही मांडणीच डळमळीत. पाण्याचा चिकटपणा तिला आवरतो तोवर ठीक. विल्यम रेजिनाल्ड डीन या इंग्रज गणित्याने १९२८ साली दोन वक्र भिंतींमधल्या अरुंद प्रवाहाचे गणित मांडले. वेग, भिंतींमधले अंतर, चिकटपणा आणि वळणाची त्रिज्या यांतून एक आकडा निघतो. तो साधारण ३६ च्या पुढे गेला की प्रवाहाच्या दिशेने लांबणारे, शेजारी शेजारी उलटसुलट फिरणारे पीळ उमटतात. मला यातले मोहक वाटते ते हे की घडी मोडते तीसुद्धा घडीदारपणेच.

वेग आणखी वाढला की पीळही स्थिर राहत नाहीत. फिनले, केलर आणि फर्झिगर या संशोधकांनी १९८८ साली संगणकावर हा प्रवाह सोडवून पाहिला, तर पीळ स्वतःच लाटाळले, मुरडले. दोरीला जादा पीळ द्यावा आणि तिने अंग मुरडावे, तसे. कुकडीच्या पुरात तो आकडा लाखांच्या पलीकडे असणार. तिथे खळबळच असते. तरी खळबळीच्या पोटात मोठे पीळ तग धरतात.

इथे एक कबुली हवी. डीनचा पीळ आडवा, प्रवाहाच्या अंगाने निजलेला. रांजण कोरणारा भोवरा उभा. दोघे भाऊ नव्हेत, फार तर चुलत. पण रांजण एकदा गोल झाला की आतले पाणी वक्र भिंतीलगतच धावते, म्हणजे डीनच्या वाटेवर येते. शिवाय तळाची गोष्ट आइन्स्टाइनने १९२६ साली चहाच्या कपावरून उलगडली आहे: ढवळलेल्या चहातली पाने तळाशी मध्याकडे जमतात, कारण तळालगतचे मंद पाणी आत सरकते. माझ्या मते रांजणातले गोटे सहज बाहेर फेकले न जाता तळाशीच दळत राहतात, त्यात या ओढीचाही वाटा आहे. शाळेच्या भूगोलात निघोजचे नाव भेटते, हा चहाचा कप मात्र भेटत नाही. भेटायला हवा होता.

शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत झिजून फुटली, की त्यांचा एक होतो. त्या फुटक्या कडा मला सगळ्यांत आवडतात. तिथे दोन भोवऱ्यांची हद्द होती.

पुढच्या वेळी जाल तेव्हा पावसाळा टाळा, काठावर ओणवे होऊ नका. ऊन तिरपे असताना रिकाम्या खळग्याची आतली भिंत पाहा आणि तिच्यावर या पिळांच्या खुणा असाव्यात अशा आडव्या किंवा नागमोडी पन्हळी दिसतात का ते शोधा.