फुरसुंगीचा पोरगा आणि इंदापूरची एस.टी.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेविषयी बोलताना आपण सायकल, चौकड्यांचा शर्ट आणि ‘ट्टॉक्’ यांपाशी थांबतो. मला मात्र या मालिकेच्या आकर्षणाचे मूळ एका गावाच्या नावात दिसते.

आमचे जुने गाव इंदापूर तालुक्यात, भीमेकाठी होते. ते उजनीच्या पाण्याखाली गेले. नव्या गावठाणातल्या शाळेत पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात मला ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ सापडले. तोवर वाचलेल्या गोष्टींतली मुले पुण्या-मुंबईची असत, नाहीतर कुठल्याच गावची नसत. इथे गावाचे नाव थेट मुखपृष्ठावर! पुढे वडिलांबरोबर एस.टी.ने पुण्याला जाताना मी कंडक्टरला फुरसुंगी कुठे म्हणून विचारले. हडपसरच्या अलीकडे त्यांनी डावीकडे हात केला आणि विचारले, “कोण पाहुणे आहेत का तिथं?” मी “हो” म्हणालो.

ती थाप होती, पण भागवतांच्या कसबाची ती पावतीही होती. इंदूरला 1910 साली जन्मलेल्या या लेखकाने ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, ‘बालमित्र’ चालवले. दूरच्या प्रवासाचे आकर्षण त्यांना ठाऊक होते. पण बनेश फेणेचा प्रवास त्यांनी सुरू केला तो नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल अशा खेड्यातून. गावाकडचा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो, ही आमच्या बारामती-इंदापूरकडच्या कितीतरी घरांतली गोष्ट. बुजरेपणाने गप्प बसायचे त्या जागी हा काटकुळा पोरगा पुढे सरसावतो. त्याचे नावही पाहा: ‘फास्ट’ नव्हे, ‘फास्टर’. म्हणजे कोणापेक्षा तरी जास्त वेगवान. शहरात नव्याने आलेल्या मुलाला सतत मोजले जाते; त्या मोजणीत जिंकण्याची इच्छा या एका शब्दात आली आहे. आणि तो शब्दही शहराच्या इंग्रजीतूनच उचललेला.

भागवतांच्याच बिपिन बुकलवारशी तुलना केली की हे स्पष्ट होते. बिपिन पुस्तकांत रमतो. आम्ही वाचणारी मुले खरे तर त्याच्या जातकुळीतली. पण पेटीतली पुस्तके फाटली ती फेणेची. आपण जसे आहोत त्याच्यापेक्षा आपल्याला जसे व्हायचे आहे, तो नायक मुलांना अधिक जवळचा वाटतो.

गेली काही वर्षे मी बारामतीत सातवीच्या वर्गाला ही पुस्तके वाचून दाखवतो. मोरोपंतांचे गाव म्हणून बारामतीचे नाव वाङ्मयात आहे. पण आर्या पाठ करणाऱ्या मुलाला तिच्यात स्वतःचे गाव भेटत नाही. फेणे ऐकताना वर्ग अजूनही पुढे सरकून बसतो. मात्र गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, “सर, एकाही पुस्तकाच्या नावात मुलगी का नाही?” मी बहीण मालीचे नाव घेतले आणि माझे मलाच ते उत्तर तोकडे वाटले. त्याच वर्गात ऊसतोड मजुरांची दोन मुले होती. गाळप हंगाम संपला की ती जाणार. त्यांनी काही विचारले नाही.

म्हणून मालिकेची मर्यादाही सांगायला हवी. नावांवरूनच दिसते, फेणे काश्मीर, गुलमर्ग, प्रतापगड गाठतो. फुरसुंगी हा त्याचा पत्ता राहतो, रंगभूमी होत नाही. गाव सोडल्यावरच साहस सुरू होते, असे आम्हीही नकळत शिकलो. 2017 च्या चित्रपटात तर फेणे शाळकरीही उरला नाही. आणि आज फुरसुंगी म्हटले की पुणेकराला आधी कचरा डेपो आठवतो.

तरीही माझे ऋण फिटत नाही. ज्याचे गाव नकाशावरून पुसले गेले होते, त्या मुलाला भागवतांनी सांगितले की खेड्याचे नावही पुस्तकावर छापले जाऊ शकते. आता ते नाव भिगवण, निमगाव केतकी किंवा सणसर असावे, सायकलवर एखादी मुलगी असावी आणि साहस गावातच, कालव्याच्या भरावावर घडावे. ते पुस्तक त्या मुलीने मागितले आहे. माझ्याकडे द्यायला ते नाही.