घोटा म्हणजे नुसती बिजागरी नव्हे

घोट्यातील टॅलस हे हाड बदलण्याविषयी वाचनात येणारे लेख बहुधा धातूच्या कौतुकापाशीच थांबतात. १९७४ मध्ये थायलंडमध्ये पोलादी टॅलस बसवले गेले. २०२१ मध्ये अमेरिकेत त्रिमितीय मुद्रणाने घडवलेल्या टॅलसला मर्यादित वापराची परवानगी मिळाली. पण सांधा स्थिर कशामुळे राहतो? शाळेत शिकवले जाणारे ‘बिजागरीचा सांधा’ हे वर्णनही येथे अपुरे पडते.

टॅलसला एकही स्नायू जोडलेला नसतो. त्याला जागेवर धरतात ती आजूबाजूची हाडे आणि अस्थिबंध. शिवाय त्याचा वरचा भाग पुढे रुंद, मागे अरुंद असतो. भाईंदर पश्चिमेला स्थानकाचा जिना उतरताना पुढचे पाऊल बोटांकडून खाली झुकते. तेव्हा अरुंद भाग खोबणीत येतो, पकड सैल होते आणि पाय मुरगळण्याचा धोका वाढतो.

मूळ टॅलस काढताना त्याला जोडलेले अस्थिबंध सुटतात. गुळगुळीत धातूला ते आपोआप जुळत नाहीत. म्हणून कृत्रिम हाडाचा आकार नेमका हवा आणि उरलेले अस्थिबंध शाबूत हवेत. लेखांत नेमके हेच गाळले जाते.

वर्गात घोट्याची लाकडी प्रतिकृती केलीत, तर अस्थिबंधांच्या जागी रबरबँड लावा. मग एकेक काढून काय होते, ते मुलांनाच पाहू द्या.